अर्डिस बेंडर उभी राहते

अर्डिस बेंडर मला कधीच आवडली नाही. हे मी तिच्या पाठीमागे म्हणत नाही. तिच्या तोंडावर सांगितलेलं आहे, तेही चर्चच्या तळघरात, तिनेच भाजलेला प्रूनचा कूखन, म्हणजे जर्मन केक, खात असताना. ती म्हणाली, "आवडायला मी काय आइस्क्रीम आहे? अजून एक तुकडा घे." मी घेतला. बाई कशीही असो, तिचा कूखन आमच्या सबंध लिंडेन गावात एक नंबर.

आम्ही एकाच वर्गात शिकलो आणि आमची कुंपणं एकमेकांना लागून आहेत, पण आमच्यातलं साम्य तिथंच संपतं. मी गावच्या ग्रंथालयात, ती राज्याच्या विधानसभेत. मी डेमोक्रॅट, म्हणजे लिंडेनमध्ये दुर्मीळ पक्षी. ती रिपब्लिकन, पण इतकी कडक की तिच्या पक्षातले लोकसुद्धा तिला घाबरून असायचे. स्वतःच्या पक्षाच्या राज्यपालाच्या अंदाजपत्रकाला दरवर्षी 'नाही' म्हणणारी ती एकटी. शाळेतल्या प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर बायबलमधल्या दहा आज्ञा लावायचं विधेयक तिचं. पाळणाघरांना सरकारी मदत म्हणजे आयांना मुलं सोडून कामाला जायची लाच, हे भर सभागृहात बोलली तीच. शहरातल्या वर्तमानपत्रांनी तिचा फोटो छापला, तोंड उघडं असलेला. तिनं तो कापून फ्रिजवर लावला.

आणि ग्रंथपालांना तुरुंगात टाकायचं विधेयक आणलं तेही तिनंच. मुलांच्या हाती 'घाणेरडं' पुस्तक पडलं तर एक वर्ष कैद. राज्यात ग्रंथपाल पुष्कळ असतील, पण तिच्या डोळ्यांसमोर एकच होती. त्यावरून मी चिडून तिच्याविरुद्ध निवडणुकीला उभी राहिले. पडले. पुन्हा उभी राहिले. पुन्हा पडले, आणि या वेळी जास्त जोरात. दुसऱ्या दिवशी ती ग्रंथालयात आली आणि म्हणाली, "सिग्ने, तू निदान समोरून वार करतेस. आमच्याकडचे पाठीत करतात." ती शाबासकी होती की टोमणा, मला अजून कळलेलं नाही.

मग नळी आली.

इथेनॉलच्या कारखान्यांतला वायू गोळा करून लांब कुठंतरी जमिनीत पुरायचा, त्यासाठी एका कंपनीला आमच्या काउंटीतून जमिनीखालून मोठी नळी न्यायची होती. लोक त्या कंपनीला नुसतं 'नळीवाले' म्हणायचे. जमीन राजीखुशीनं दिली तर ठीक, नाहीतर कोर्टातून सक्तीनं घेऊ, असं नळीवाल्यांचं म्हणणं. त्यांची मोजणीची माणसं पहिल्यांदा शिरली बेंडरांच्या शेतात. अर्डिसचा नवरा डेलमार तसा गरीब स्वभावाचा, पण त्यानं त्यांच्या गाडीमागे ट्रॅक्टर आडवा लावला आणि जेवायला घरात निघून गेला. ती माणसं संध्याकाळपर्यंत तिथंच बसून होती.

अर्डिसनं विधेयक आणलं. खाजगी कंपनीला कोणाचीही जमीन सक्तीनं घेता येणार नाही, बस्स. एक पान. राजधानीत तिच्याच पक्षाच्या बड्यांना नळी हवी होती. आमच्याकडे अधिवेशन चाळीस दिवसांचं असतं, आणि विधेयक मारायचं असलं की समिती ते एकेचाळिसाव्या दिवसावर ढकलते. हा दिवस कधी उगवत नाही. अर्डिसचं विधेयक त्या दिवसावर गेलं.

आणि पुढच्याच आठवड्यात नळीचा नवा नकाशा आला. बेंडरांच्या कुंपणापाशी येऊन रेघ शहाण्या मुलीसारखी वळली होती, त्यांच्या जमिनीला वळसा घालून थेट माझ्या कुरणात शिरली होती.

आता माझ्या कुरणाबद्दल सांगते, कारण सगळी गोष्ट त्याचीच आहे. त्या जमिनीला कधी नांगर लागलेला नाही. माझ्या आजोबांनी लावला नाही, वडिलांनी लावला नाही. आजूबाजूला सगळ्यांनी सोयाबीन आणि मका केला, लोक वडिलांना हसायचे, पण ते म्हणायचे, "हे गवत आपल्या आधीचं आहे, त्याला उठवणारे आपण कोण?" बर्फ वितळायला लागला की तिथं पास्कची जांभळी फुलं येतात, आणि ऑगस्टात गवत माझ्या खांद्याला लागतं. असली जमीन एकदा उलथली की पुन्हा तशी होत नाही. वरून माती टाकून बी पेरता येतं, कंपनीचा माणूस मला तेच समजावत होता. मी त्याला म्हटलं, "तुमची आजी मेली तर तिच्या खुर्चीत दुसरी म्हातारी आणून बसवाल का?" तो फॉर्म ठेवून गेला.

त्या नकाशानंतर गावात एकच कुजबुज. अर्डिसला गप्प बसवायला नळी वळवली. आपलं शेत वाचलं, आता कशाला बोलेल ती? गरज सरो, वैद्य मरो. आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. मला बरंसुद्धा वाटलं. इतकी वर्षं ताठ मानेनं फिरणारी बाई शेवटी सगळ्यांसारखीच निघाली, यात एक हलकट समाधान असतं.

अधिवेशनाच्या दिवसांत दर शनिवारी सकाळी आमदार गावात येऊन लोकांसमोर बसतात. आम्ही त्याला क्रॅकर बॅरल म्हणतो. शाळेच्या जिममध्ये, बास्केटबॉलच्या जाळीखाली, पाणचट कॉफी आणि लोखंडी घडीच्या खुर्च्या. त्या शनिवारी उणे वीस तापमान होतं, तरी उभं राहायला जागा नव्हती. अर्डिस टेबलामागे बसली होती, निळा कोट, केस लाकडासारखे घट्ट बसवलेले.

मी माइकपाशी गेले. "अर्डिस, नळी तुझ्या दारातून माझ्या दारात आलीय. तुझं विधेयक मेलं. आता ते मेलेलंच राहणार, की कसं?"

मागून कोणीतरी हसलं. डेलमार पहिल्या रांगेत होता, त्यानं मान खाली घातली.

अर्डिस उभी राहिली. तिनं माइक घेतलाच नाही, तिला कधी लागतच नाही. "पहिली गोष्ट, नकाशा बदला असं मी कोणाला सांगितलं नाही. सांगितलं असं ज्याला वाटत असेल त्यानं हात वर करावा, म्हणजे पुढच्या रविवारी चर्चमध्ये कोणाशेजारी बसायचं नाही ते मला कळेल." एकही हात वर झाला नाही. "दुसरी गोष्ट. मला वाटलं होतं, हे लोक मला ओळखतात. बारा वर्षं मी यांच्यात बसतेय, आणि यांना वाटतं मी एका वळशात विकली जाईन? वळशात? निदान मोठा आकडा तरी सांगायचा!"

आता सगळेच हसले.

"आणि तिसरी. सिग्ने, तुझ्या ग्रंथालयात काय काय भरलंय ते मला माहितीय आणि त्याचा हिशेब आपण वेगळा करू. पण तुझं गवत तुझं आहे. सोमवारी मी धुरी देते."

धुरी म्हणजे काय ते आमच्याकडे शाळकरी पोरांनाही ठाऊक असतं. समितीनं पुरलेलं विधेयक सभागृहात आणायचं असेल तर एक-तृतीयांश आमदारांनी आपापल्या जागी उभं राहायचं. बिळात धूर सोडून कोल्ह्याला बाहेर काढावं तसं. हात वर करून चालत नाही, बटण दाबून चालत नाही, पायांवर उभं राहावं लागतं, आणि पक्षाच्या पुढाऱ्याला सगळ्यांचे चेहरे दिसतात. म्हणून स्वतःच्याच पक्षाच्या समितीला धुरी देणारा आमदार क्वचितच सापडतो. दिली की करिअर संपलं समजायचं.

बाहेर गाड्यांपाशी मी तिला गाठलं. "किती जण उभे राहतील?"

"एकोणीस. वीस म्हणत होते, पण एकाच्या बायकोला नळीवाल्यांकडे नोकरी लागलीय."

"चोवीस लागतात."

"मला मोजता येतं गं."

"आमचे पाच जण आहेत तिथं."

तिनं गाडीची काच खरवडायला सुरुवात केली. "तुमच्या लोकांच्या दाराशी मी जाणार नाही. मोडेन पण वाकणार नाही. त्यांनी मला सभागृहात काय काय म्हटलंय ते ऐकलंस?"

"आणि तू त्यांना काय म्हणालीस?"

"खरं तेच."

मग मीच घरी जाऊन फोन लावले. पाचपैकी चौघे कुरकुरत तयार झाले. पाचवी मार्लिस, विद्यापीठाच्या गावची, माझी जुनी मैत्रीण, ती फोनवर किंचाळली. "त्या बाईसाठी उभी राहू? ती मला भर सभागृहात मॉस्कोची मावशी म्हणाली होती!"

"तिच्यासाठी नको राहूस."

"मग काय तुझ्यासाठी?"

"माझ्यासाठीही नको. मार्लिस, तू एकदा मे महिन्यात आली होतीस. आपण कुरणात बसून सँडविच खाल्ली होती. तिथं खणायचंय त्यांना. त्याच्यासाठी उभी राहा."

ती म्हणाली, "तिच्याकडे बघणार मात्र नाही मी."

सोमवारी मी पहाटे निघून मिझूरी नदी ओलांडून राजधानीत गेले. वरच्या सज्जात डेलमारशेजारी बसले. खाली सभागृहात अर्डिसनं हात वर केला आणि एका वाक्यात मागणी मांडली. अध्यक्ष म्हणाले, पाठिंबा देणाऱ्यांनी उभं राहावं.

बहुमतातल्या पक्षाचा, म्हणजे अर्डिसच्याच पक्षाचा, पुढारी ग्रेग नावाचा एक गोरागोमटा, चांगल्या सुटातला गृहस्थ होता. तो खुर्ची वळवून सभागृहाकडे तोंड करून बसला आणि एकेकाकडे बघायला लागला. नुसता बघत होता, हसतमुखानं. अर्डिस उभी होती. तिच्या मागचा उभा राहिला, मग डावीकडचे दोघे, मग खुर्च्या सरकल्याचे आवाज इकडून तिकडून. आमचे चौघे उठले. मार्लिस छताकडे बघत उठली. अध्यक्षांच्या शेजारचा कारकून मोजत होता. तेवीस.

एक कमी. वेन नावाचा म्हातारा आमदार, अर्डिसच्या शेजारच्याच बाकावरचा, बसूनच होता. ग्रेगची नजर त्याच्यावर होती आणि वेनची नजर स्वतःच्या बुटांवर.

सभागृहात एकमेकांशी थेट बोलायचं नसतं, सगळं अध्यक्षांना उद्देशून. अर्डिसनं तो नियम बारा वर्षांत मोडला नव्हता. नियमांच्या बाबतीत ती पक्की. पण तेव्हा ती वाकली आणि सज्जातल्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा 'हळू' आवाजात म्हणाली, "वेन, गुडघे दुखतायत का? हात देऊ?"

लोक फसकन हसले. अध्यक्षांनी हातोडी आपटली. वेन लालबुंद झाला आणि टेबलाला धरून, शिव्या पुटपुटत, उभा राहिला.

डेलमारनं माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठी रुतली.

विधेयक बाहेर आलं. एकदा सगळ्यांसमोर आलं म्हटल्यावर आपापल्या गावी शेतकऱ्यांना तोंड दाखवायचं असल्यानं भलेभले 'हो' म्हणाले, आणि राज्यपालांनी आंबट चेहऱ्यानं सही केली. माझं कुरण वाचलं. मी अर्डिसला धन्यवाद द्यायला फोन केला तर ती म्हणाली, "तत्त्वासाठी केलं. तू मधे आलीस हा योगायोग," आणि ठेवून दिला.

ग्रेगनं मात्र कोणालाच माफ केलं नाही, आणि तिला तर नाहीच. तिचं समितीचं अध्यक्षपद गेलं, तिचं बाक खांबामागे गेलं. मे महिन्यात तिच्याविरुद्ध पक्षातूनच माणूस उभा केला. ट्रेंट वोल्मर, विम्याचा एजंट, पांढरेशुभ्र दात. रोज टपालात एक चकचकीत कार्ड यायचं, त्यावर अर्डिसचा तोच उघड्या तोंडाचा फोटो आणि खाली मजकूर: 'डेमोक्रॅटांच्या जिवावर चालणारी.' घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. बारा वर्षं तिच्या नावाची पाटी अंगणात लावणाऱ्यांनी गुपचूप ट्रेंटची लावली.

आमच्याकडे रिपब्लिकनांचा उमेदवार ठरवणाऱ्या आतल्या निवडणुकीत फक्त रिपब्लिकन म्हणून नोंद असलेल्यांनाच मत देता येतं. मी काउंटीच्या कचेरीत गेले आणि पक्ष बदलला. माझ्या घराण्यात असं पाप कोणी केलं नव्हतं. खिडकीतली जॉइस माझ्या सहीकडे बघून म्हणाली, "सिग्ने, बरं नाही का तुला?"

जॉइसला सांगितलं म्हणजे गावाला सांगितलं. दुपारी अर्डिस ग्रंथालयात दाण्‌दाण् पावलं टाकत आली.

"परत जा आणि नाव बदल. मुदत आजची आहे, कचेरी पाचपर्यंत उघडी आहे."

"मुदत माहितीय मला."

"माहीत असणारच! तो कायदा माझा आहे. तुमच्यासारख्यांनी ऐन वेळी कुंपण ओलांडून आमच्या निवडणुकीत घुसू नये म्हणून केलाय मी."

"मग मी कायद्याप्रमाणेच आले. मुदतीच्या आत."

"पक्ष म्हणजे गारा पडल्या की शिरायचा गोठा नाही, सिग्ने! तुझा तरी यातल्या एका गोष्टीवर विश्वास आहे का?"

"एकाही नाही."

"मग मला नकोय तुझं मत."

आता माझंही डोकं फिरलं. "तुला विचारलं कोणी? मत माझं आहे. मी ते तुला देईन, नाहीतर कुत्र्याला घालीन. जमीन माझी म्हणून तू उभी राहिलीस ना? मग मतही माझंच."

मुलांच्या कोपऱ्यातली दोन पोरं पुस्तक सोडून आमच्याकडे बघत होती. अर्डिस खालच्या आवाजात म्हणाली, "तुमच्या मतांवर निवडून आले तर ट्रेंट म्हणतो तेच खरं ठरेल. माझ्याकडे दुसरं काय आहे गं? लोकांना मी आवडत नाही, ते मला ठाऊक आहे. मी बदलत नाही, एवढंच त्यांना आवडतं."

मला तिची इतकी कीव आली की रागच आला. "मग हर. पण मी मत देणार."

ती हरली. थोडक्यातच, पण हरली. मी तिला मत दिलं, आणि निकाल ऐकून मी स्वयंपाकघरात रडले, हेही सांगून टाकते. अर्डिस बेंडरसाठी रडले मी! नोव्हेंबरात मुख्य निवडणुकीत ट्रेंटसमोर कोणीच नव्हतं.

जानेवारीत पहिल्याच क्रॅकर बॅरलला टेबलामागे ट्रेंट बसला होता. गोड हसून म्हणाला, नळीच्या कायद्यात एक छोटीशी दुरुस्ती आणतोय, 'जनहिताच्या' प्रकल्पांना सूट. जनहित कोण ठरवणार ते मला कळत होतं. मग सभा चालवणाऱ्या बँकवाल्या तरुणानं घोषणा केली: यंदापासून नवा नियम, प्रत्येकाला दोनच मिनिटं, मग घंटी. नियम कोणासाठी केला होता ते सांगायची गरज नव्हती, कारण माइकपुढच्या रांगेत पहिली अर्डिसच होती. मी तिच्या मागे.

"ट्रेंट," ती म्हणाली, "दुरुस्ती आणणार की नाही? हो का नाही?"

"अर्डिस, तुमच्या सेवेबद्दल आम्हा सगळ्यांना आदर आहे—"

"आदर घरी ठेव. हो का नाही?"

तो जनहितावर, रोजगारावर, इथेनॉलच्या भविष्यावर बोलत राहिला. तिनं दोनदा तेच विचारलं, तो दोनदा तसाच बोलला. घंटी वाजली. ट्रेंटनं सुटकेचा निःश्वास टाकला. "पुढचे कोण?"

मी पुढे झाले. "माझी दोन मिनिटं तिला."

"असं करता येत नाही," बँकवाला म्हणाला.

"नियमात लिहिलंय?" अर्डिसनं विचारलं. त्यानं कागद वर-खाली बघितला. लिहिलेलं नव्हतं.

"हो का नाही, ट्रेंट?"

पुन्हा घंटी. माझ्या मागे मेथडिस्ट चर्चचा पाद्री होता, ज्याला तिनं पाळणाघरावरून जाहीर झाडलं होतं. तो म्हणाला, "माझीही घ्या." त्याच्यामागे शाळेतली शिक्षिका. तिच्यामागे पाटी बदललेला शेजारी रॉय, मान खाली घालून: "माझी पण." रांग जिमच्या दारापर्यंत गेली होती आणि कॉफी सोडून लोक उठून तिच्यात सामील होत होते. यातले निम्मे तिला कधी मत देणार नाहीत, मी त्यांना ओळखते.

ट्रेंटनं त्या रांगेकडे बघितलं. दात दिसेनासे झाले.

"नाही," तो म्हणाला.

"नाही काय?"

"नाही आणत दुरुस्ती."

"मोठ्यानं. मागे ऐकू गेलं नाही."

"दुरुस्ती आणणार नाही!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी खुर्ची बडवली. मी अर्डिसच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं तो झटकला नाही, पण वळूनही बघितलं नाही. तिनं बँकवाल्याला विचारलं, किती वेळ उरलाय. बराच उरला होता, सगळ्यांनी दिलेला.

"छान," अर्डिस बेंडर म्हणाली. "मग आता गावच्या ग्रंथालयाबद्दल बोलते."